चोवीस पानं

मुलांचं चित्रपुस्तक चोवीस पानांत संपतं.
पहिल्या पानावर बोट धरलेलं असतं,
चोविसाव्यावर सुटलेलं.
मधल्या बावीस पानांचे मला पैसे मिळतात,
तेही पुस्तक निघाल्यावर सहा महिन्यांनी.

नंदनवनात, दुसऱ्या माळ्यावर,
कूलरच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून
मी पेन्सिलने काढतो एक मुलगी.
वय सात. हातात पिशवी.
ती एकटीच सांबार आणायला निघाली आहे.

पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला,
सांबाराला डबा लागेल ना हो, पिशवी कशी?
मी म्हटलं, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.
त्या खूप हसल्या
आणि कोथिंबीरच करून टाकलं.

नवव्या पानावर कुत्रा हवा, असंही त्या म्हणाल्या.
भीती वाटली पाहिजे,
पण अकराव्या पानापर्यंत संपली पाहिजे.
काढला मी. एक कान पडलेला,
अकराव्या पानावर शेपूट हलवणारा.

तेवढ्यात आतून वर्षा ओरडली, सांबार संपला!
आणि शलाका, माझी, खरी, आठ पूर्ण,
चपला अडकवून दारात.
"मी जाते. एकटी. तू येऊ नको."

बाल्कनीतून निंबाच्या झाडापर्यंत दिसतं.
गभण्यांचं दुकान निंबाच्या पुढे.
निंबापर्यंत मी तिला पाहिलं, वेणी, पिशवी,
मग पाण्याचा टँकर मध्ये आला,
बायांचा आवाज चढला,
एक स्कूटी नको तेवढ्या जोरात गेली,
आणि मी कठडा असा धरला
की तळहाताला गंज लागला.
पुस्तकात या जागी नुसतं पान उलटतं,
की समोर दुकान.

आली. पिशवीत सांबार, न सांगितलेली दोन लिंबं,
मुठीत सुटे पैसे, घामाने ओले.
"काय झालं वाटेत?"
"काही नाही."
"कुत्रा होता?"
"नाही."
"मग?"
"काही नाही ना, बाबा!"
गुडघ्याला माती होती.
मी तोंड उघडणार, तर वर्षाने डोळ्यांनीच गप्प केलं.

संध्याकाळी ती टेबलाशी आली,
गटागटा पाणी पीत पानं पाहिली,
मग परत पहिल्यापासून पाहिली.
"हा माणूस सगळ्याच पानांवर
काऊन उभा राहून राहिला?"
कोणता माणूस?
तिने बोट ठेवत दाखवला.
पाचव्या पानावर विजेच्या खांबामागे.
आठव्यावर रसवंतीच्या बाकावर, तोंडासमोर पेपर.
बाराव्यावर टरबुजांच्या ढिगाखाली नुसते जोडे.
खरंच सांगतो, मला ठाऊक नव्हतं.
पण चश्मा माझा होता. टक्कलही.

"त्या मुलीला माहीत आहे, तो आहे म्हणून?"
"नाही."
"मग ती एकटी कुठे गेली?"

खोडरबर तिनेच आणून दिला,
शाळेचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
खांबामागचा गेला.
पेपर खोडला तर आत तोंड काढलेलंच नव्हतं.
टरबुजांपाशी मी अडलो.
म्हटलं, जोडे राहू देत, कोणाचे तरी असतील.
तिने जरा विचार केला.
"बरं. पण कोणाचे तरीच."

ती झोपल्यावर मी कुत्राही खोडला.
वाट्या उचलल्या,
कूलरने सगळा चुरा खोलीभर केला.
नववं पान आता कोरं आहे,
खाली एका कोपऱ्यात पिशवीचा बंद तेवढा.
बाईंचा फोन येईल, विचारतील, इथे काय आहे?
सांगीन, मला नाही माहीत.
मला निंबापर्यंतच दिसतं.